अंबू बॅग, पाण्याची बाहुली आणि डेडस्टॉक रजिस्टर

रात्रपाळी (धागाकर्ती) · रविवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येते, लिहीत नाही. आज लिहितेय, कारण ही गोष्ट घरी सांगून झाली. नवरा "हं" म्हणाला आणि झोपला.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी स्टाफ नर्स आहे. १४ वर्षं झाली, त्यातली ९ लेबर रूममध्ये. मागच्या आठवड्यात नाशिकला दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाचा श्वास सुरू कसा करायचा याचं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस नाइट नाही आणि येताना मेन रोडवरून मुलीच्या शाळेची खरेदी, एवढ्या हिशेबानेच गेले होते. शिकायचं काय राहिलंय, असं वाटत होतं.

तिथे ती बाहुली होती. खोक्यातून निघाली तेव्हा चपटी, रिकाम्या शेकायच्या पिशवीसारखी. सरांनी तिच्यात कोमट पाणी भरलं आणि माझ्या हातात दिली. अंगावर काटाच आला. हातपाय लोंबतायत, डोकं एका बाजूला कलंडतंय, आणि माझा हात आपोआप तिच्या मानेखाली गेलेला. न रडलेलं बाळ हातात येतं ना, ते अस्संच येतं.

तिच्या नाळेला एक नळी असते आणि नळीच्या टोकाला रबरी फुगा. सर तो मुठीत धरून दाबत होते, म्हणजे नाळेला ठोके लागतात. मी पुसलं, पाठ चोळली, मास्क बसवला, अंबू (मास्कमधून श्वास द्यायची, हाताने दाबायची पिशवी) दाबायला लागले. छाती हलेना. जोर वाढवला. मास्कच्या कडेने फुस्स आवाज आला, छाती हलेना. सर एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यांच्या मुठीतले ठोके हळू व्हायला लागले. बाहुली आहे हे माहीत असून मला घाम फुटला हो. शेवटी त्यांनी एक नॅपकिन घडी करून खांद्यांखाली सरकवला आणि हनुवटी दोन बोटं खाली आणली. पुढच्या दाबाला छाती अलगद वर आली.

मान मी फार मागे ताणली होती. ९ वर्षं ताणतेय. बाळं रडली, कारण बहुतेक बाळं रडतातच. जी रडली नाहीत त्यांच्यातल्या कितींची मान मी अशीच धरली होती, हा हिशेब परतीच्या गाडीत करायला घेतला आणि गिरणारे यायच्या आत सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर विचारलं, आपल्याकडे आहे का अशी बाहुली? आहे! कपाटात. खोक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉकचा (टिकाऊ सरकारी सामानाच्या नोंदवहीचा) नंबर, आतल्या पिशवीचं सील शाबूत. आली तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. किल्ली स्टोअरला.

तर प्रश्न असा, की तुमच्याकडे ही डमी खरंच वापरात आहे का? किती दिवसांनी हात फिरवता? आणि कपाटातून बाहेर कशी काढलीत?

---

म्हसरूळ_कट्टा · सोमवार, सकाळी ७:१५

ताई, मी मेडिकलवाला नाही, आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या समोरून रोज जातो एवढाच माझा संबंध. पण एक कळलं नाही. तुम्ही ९ वर्षं खऱ्या बाळांवर काम करताय, तिथे जे शिकला नाहीत ते रबराच्या बाहुलीवर दोन दिवसांत कसं शिकलात? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

---

भूलवाला · सोमवार, दुपारी २:०५

कट्टाभाऊ, प्रश्न चांगला आहे. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे लोकांच्या श्वासनलिकेवरच पोट भरतो, म्हणून उत्तर देतो.

खरं बाळ चुका दाखवत नाही. १०० बाळांतली साधारण ९० आपली आपण श्वास घेतात. उरलेल्या १० पैकी बरीचशी कोरडं करून पाठ चोळली की रडतात. बॅग-मास्क लागणारी थोडी, आणि ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी), छातीवर दाब, औषधं इथपर्यंत जाणारी शंभरात एखादं किंवा त्याहून कमी. महिन्याला २०-२५ बाळंतपणं होणाऱ्या ठिकाणी सिस्टरच्या वाट्याला असं बाळ कधी येणार? आणि येईल तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असणार, बाहेर नातेवाईक असणार, आईला रक्तस्राव होत असणार. तेव्हा "माझी मान बरोबर आहे का" हे कोण सांगणार? बाहुली सांगते. छाती उचलली नाही म्हणजे नाही.

आता मानेचं. मोठ्या माणसाचं डोकं मागे झुकवलं की वाट मोकळी होते, आपला हात तेच शिकलेला असतो. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, मागचा भाग तर जास्तच. उताणं ठेवलं की डोक्याच्या वजनाने हनुवटी छातीला टेकते आणि वाट दुमडते. म्हणून आपण मागे ताणतो, तर मऊ नळी दुसऱ्या बाजूने दबते. हवी असते मधली स्थिती, फुलाचा वास घेताना चेहरा जरासा पुढे येतो तशी. रात्रपाळी ताईंचा नॅपकिन तेवढंच करतो. दोन-तीन सेंटिमीटरची घडी, तीही खांद्यांखाली. डोक्याखाली घातली तर उलटं काम होतं.

शिवाय जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र आपल्यापेक्षा वर, आणि नळी किती? आतला व्यास ४ मिलिमीटरच्या आसपास. तिला सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली की उरले २. वाट निम्मी झाली म्हणून त्रास दुप्पट होतो असं वाटेल. होतो सोळापट, त्रिज्येच्या चौथ्या घाताचा नियम आहे. म्हणून दहा वेळा ट्यूब टाकायचा प्रयत्न करणारा "हुशार" डॉक्टर मला बाळाजवळ नको असतो. एका प्रयत्नाला ३० सेकंद, नाही जमलं तर मास्कवर परत.

बाहुलीचे दोषही सांगतो, नाहीतर मी तिचा विक्रेता वाटेन. ट्यूब टाकायच्या डमीची जीभ कडक असते, घसा कोरडा असतो, वंगणाचा स्प्रे मारला नाही तर ट्यूब चिकटून बसते. खऱ्या तोंडात लाळ, रक्त, चीक, सगळंच घसरतं. डमीवर पन्नास वेळा ट्यूब टाकलेला माझा एक ज्युनिअर पहिल्या खऱ्या बाळाला अन्ननलिकेत घालून बसला होता. मास्कच्या बाबतीत मात्र डमी बरीच खरी आहे, आणि जीव वाचतात ते मास्कने.

---

सातपूर_फिटर · सोमवार, रात्री ९:३०

वाचतोय. आमच्या कंपनीत दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन असतो, तेव्हा मोठ्या माणसाची डमी येते, सगळे फोटो काढून घेतात आणि ती परत खोक्यात. म्हणजे दुखणं सगळीकडे सारखंच.

मला ती अंबू बॅग कळली नाही. बाळाच्या फुफ्फुसात हवा मावते किती आणि पिशवी केवढी? जास्त दाबली तर फुटणार नाही का काही?

---

भूलवाला · सोमवार, रात्री १०:१०

फिटरभाऊ, हा प्रश्न आमच्या परीक्षेत विचारतात! ३ किलोच्या बाळाचा एक श्वास साधारण १५ मिलिलिटर. तीन चहाचे चमचे. पिशवी २५० मिलिलिटरच्या आसपास. पूर्ण पिळायची नसतेच, दोन-तीन बोटांनी, छाती जेमतेम वर येईल इतकी. जोर जास्त झाला तर पिशवीवर एक झडप असते, पाण्याच्या ३० ते ४० सेंटिमीटर दाबाला ती उघडते आणि हवा बाहेर सोडते. कुकरची शिट्टी समजा. काही लोक जोर येत नाही म्हणून ती झडप बोटाने दाबून धरतात. अनुभवी माणसाने कारण समजून केलं तर ठीक, सवय म्हणून नको.

---

रात्रपाळी · मंगळवार, पहाटे ४:२०

आत्ता लेबर रूम शांत आहे म्हणून लिहिते. ताल धरायला सरांनी छान युक्ती दिली होती. "दाबा... दोन, तीन. दाबा... दोन, तीन." दाबाला दाबायचं, दोन-तीनला सोडायचं. मिनिटाला ४० ते ६० श्वास बसतात त्यात. मी घाईत मोजते तेव्हा सत्तरच्या पुढे जाते असं बाहुलीवर कळलं. घाबरलेला माणूस भराभर दाबतो आणि हवा बाहेर यायला वेळच देत नाही.

आणखी एक, सक्शन (नळीने चिकटा ओढून काढणं) करायचंच असेल तर आधी तोंड, मग नाक. नाकात नळी गेली की बाळ एकदम श्वास ओढतं आणि तोंडात असलेलं सगळं आत जातं. हे पाठ होतं मला. हात मात्र पहिल्यांदा नाकाकडेच गेला. पाठांतर वेगळं न् हात वेगळा, एवढं कळलं.

---

आजीची_गोधडी · मंगळवार, सकाळी १०:००

आमच्या वेळी दाई बाळाचे पाय धरून उलटं करायची आणि ढुंगणावर दोन चापट्या. माझी तीनही अशीच रडली. एवढं शास्त्र कुठे होतं?

---

बालवाडी_एमडी · मंगळवार, दुपारी ३:४५

आजी, तुमची तिन्ही त्या नव्वदांतली होती. ती चापटीशिवायही रडली असती. :) उलटं धरणं आणि मारणं आता पूर्ण बंद. कोरड्या कापडाने पुसणं आणि पाठ चोळणं, एवढंच पुरे. त्याने रडलं नाही तर चोळत बसायचं नाही, मास्क. जन्मल्यापासून पहिल्या मिनिटाच्या आत पिशवीने श्वास सुरू झाला पाहिजे. त्याला सोन्याचं मिनिट म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ते पुसणं, चोळणं, सक्शन शोधणं यातच जातं.

मी बालरोगतज्ज्ञ, नाशिकमध्येच. बाहुल्यांच्या इतिहासाचं मला वेड आहे, त्यामुळे थोडं अवांतर सहन करा. १८व्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईण होत्या. १७५९ मध्ये राजाने त्यांना गावोगाव फिरून सुइणींना शिकवायचा परवाना दिला. अक्षरशत्रू बायकांना पुस्तकाने कसं शिकवणार? म्हणून त्यांनी कापड आणि चामड्याचं गर्भाशय, ओटीपोट आणि बाळ शिवून घेतलं. आपल्या गोधडीसारखंच काम. म्हणजे ही कल्पना नवी नाही.

श्वास देण्याची पहिली गाजलेली बाहुली १९६० ची. नॉर्वेत स्टाव्हँगरला आस्मुंड लार्डाल म्हणून खेळणी बनवणारे गृहस्थ होते, मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करायचे. डॉक्टरांनी त्यांना माणसाएवढी बाहुली करायला सांगितली. रात्रपाळी ताईंनी वर्णन केलेली पाण्याची बाहुली लार्डालच्याच कंपनीची निओनॅटली असावी. २०१० च्या सुमारास अमेरिकन बालरोग अकादमीच्या 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' प्रशिक्षणासोबत ती गरीब देशांसाठी म्हणून आली. वीज नको, संगणक नको. आपल्याकडे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ चा, त्यातही शिकवायचं हेच.

दुसऱ्या टोकाला २५ आठवड्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाएवढी डमी मिळते, काही डमी निळ्या पडतात, रडतात, मॉनिटरवर आकडे दाखवतात. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला तशी कॉलेजांत स्किल लॅब आली, तिथे हे सगळं बघायला मिळतं. एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या) टीमला त्याचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. पण ग्रामीण रुग्णालयासाठी मला विचाराल तर एका महागड्या डमीच्या पैशात तालुक्यातल्या प्रत्येक लेबर रूमला पाण्याची बाहुली घ्या.

---

भूलवाला · मंगळवार, सायंकाळी ६:२०

डॉक्टर, इथे थोडा असहमत. महागड्या डमीचा फायदा टीमला होतो. कोण ठोके मोजतोय, कोण ओरडून सांगतोय, कोण नुसताच उभा आहे, हे मॉनिटरवरचा आकडा पडायला लागला की उघडं पडतं. पाण्याच्या बाहुलीवर माणूस एकटा शिकतो.

---

बालवाडी_एमडी · मंगळवार, रात्री ११:००

ठोके कमी करायचं काम मुठीतला फुगाही करतो की. ताईंना घाम फुटलाच ना?

बरं, माझा खरा मुद्दा राहिलाच. टांझानियात हायडोम नावाचं खेड्यातलं रुग्णालय आहे. तिथे एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं. नंतर बाहुलीवर परीक्षा घेतली तर सगळे उत्तम पास. मग लेबर रूममध्ये खऱ्या बाळांच्या वेळी काय करतात ते पाहिलं, तर फरक जवळजवळ शून्य! हे २०१३ मध्ये छापून आलं. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली लेबर रूमच्या शेजारीच ठेवली आणि थोडा थोडा वेळ, वारंवार, ड्युटीवर असतानाच सराव सुरू केला. २०१५ च्या त्यांच्या लेखात पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू कमी झालेले दिसतात. बाहुली तीच, माणसं तीच. फरक पडला तो ती ठेवली कुठे याने. म्हणून म्हणतो ताई, तुमचं ट्रेनिंग दोन दिवसांचं होतं. कपाट उघडलं नाही तर सहा महिन्यांनी तुमची मान परत ताणलेली असेल. रागावू नका, माझीही असते.

---

जुना_स्टोअरकीपर · बुधवार, सकाळी ८:३०

निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. स्टोअरवाल्याला शिव्या घालणं सोपं असतं. डेडस्टॉकला चढलेली वस्तू हरवली किंवा फाटली तर ऑडिटला आक्षेप निघतो आणि वसुली माझ्या पगारातून. म्हणून किल्ली कमरेला. कुणीही लेखी मागत नाही, सगळे "द्या हो जरा" म्हणतात. "जरा" ला माझ्या रजिस्टरमध्ये रकाना नाही.

रात्रपाळी ताई, असं करा. इन्चार्ज सिस्टरच्या नावाने इंडेंट (लेखी मागणीपत्र) भरा, कारण लिहा "लेबर रूममध्ये दैनंदिन सरावासाठी". वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्या. मग ती वस्तू स्टोअरकडून लेबर रूमच्या रजिस्टरला वर्ग होते, जबाबदारी इन्चार्जची. सोबत एक साधी वही ठेवा, तारीख, कोणी वापरली, सही. उद्या फाटली तर ती वही पुरावा आहे की वापरून फाटली. मग निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू नोंदीतून कमी करायचा, प्रस्ताव आरामात जातो. न वापरता रबर चिकटून खराब झालं तर कारण काय लिहिणार?

---

सातपूर_फिटर · बुधवार, सकाळी ८:५०

+१००. "जरा ला रकाना नाही" हे आमच्या टूलरूमच्या भिंतीवर लावतो.

---

पेठरोड · बुधवार, रात्री १०:४०

अँब्युलन्सवर आहे. सावळघाटातून बाळ घेऊन नाशिकला यायचं म्हणजे प्रत्येक वळणाला मास्क सुटतो. गाडी उभी करून आम्ही स्ट्रेचरवर डमी ठेवून सराव केला, आणि दोघांनी गाडीला धक्के मारले. हसू नका. त्यातून कळलं की कोपर हवेत ठेवून मास्क धरला तर पहिल्याच धक्क्याला हवा गळते. कोपर गादीवर टेकवायची, अंगठा आणि पहिलं बोट मास्कवर, बाकीची बोटं जबड्याच्या हाडावर. हाडावर, गळ्याच्या मऊ भागावर नाही, नाहीतर आपणच वाट बंद करतो.

---

आजीची_गोधडी · गुरुवार, सकाळी ९:१५

बरं बाई, माझं चुकलं. आता एक विचारते. नात ९ महिन्यांची आहे, घरात द्राक्षांचे दिवस चालू, दिसेल ते तोंडात घालते. घशात अडकलं तर?

---

बालवाडी_एमडी · गुरुवार, दुपारी १:३०

आजी, हा प्रश्न प्रत्येक नाशिककराने विचारायला हवा. द्राक्ष गुळगुळीत, गोल आणि बाळाच्या घशात बुचासारखं बसणारं. लहान मुलांना अख्खं द्राक्ष देऊच नका, उभं चिरून चार फोडी करा. शेंगदाणे, फुटाणे तर नकोच.

अडकलंच आणि बाळ रडू-खोकू शकत नसेल तर ते पालथं आपल्या हातावर घ्या, डोकं खाली, जबडा धरून. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. परत ५, परत ५, आणि घरातल्या दुसऱ्याने १०८ लावायचा. बाळ निपचित पडलं तर छातीवर दाब आणि श्वास सुरू करायचे. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. आणि दिसत नसताना घशात बोट घालून खरवडायचं नाही, द्राक्ष अजून आत जातं. बाळ जोरात खोकत असेल तर काहीच करू नका, खोकू द्या.

याचाही सराव डमीवर होतो. वाचून वाटतं तेवढ्या हळू थापा कामाच्या नसतात.

---

रात्रपाळी · तीन आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री १२:३०

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

स्टोअरकीपर काकांनी सांगितलं तसाच इंडेंट भरला. आमच्या स्टोअरच्या सरांनी तो दोनदा वाचला, म्हणाले, "लेखी आलं म्हणजे प्रश्नच मिटला," आणि स्वतः खोकं उचलून लेबर रूमपर्यंत आणून दिलं. मी इतके दिवस त्यांना मनात काय काय बोलले होते!

बाहुली आता वॉर्मरच्या (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाच्या) खालच्या कप्प्यात असते. ड्युटी बदलताना येणारी आणि जाणारी, दोघी मिळून पाच मिनिटं. एकीने फुगा दाबायचा, दुसरीने बॅग. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना लाज वाटली. वॉर्डातल्या मावशी तर "बाहुलीची अंघोळ झाली का" विचारायच्या. आता ठोके कमी करायचं काम त्यांनीच मागून घेतलंय आणि त्या फार निर्दय आहेत.

पण ऐका. चौथ्या दिवशी आम्ही ट्रेनिंगच्या पिशवीऐवजी आमच्या ट्रेमधलीच अंबू घेतली, खऱ्या बाळाला वापरायची ती. छाती हलेना. मान बरोबर, मास्क बरोबर. सगळ्या जणी एकमेकींच्या चुका काढायला लागलो. मग मी बॅग हाताला लावून दाबली, तर मास्ककडे हवाच येत नव्हती. धुवून जोडताना कुणीतरी झडपेची चकती उलटी बसवली होती. कधीपासून, देव जाणे. ट्रे रोज तपासून सही होत होती बरं का, "अंबू बॅग – १, चालू". चालू! सहीही बऱ्याचदा माझीच.

आता तपासणी अशी, मास्कवर तळहात घट्ट धरायचा, बॅग दाबायची, हाताला दाब लागला पाहिजे आणि झडपेतून हवा सुटल्याचा आवाज आला पाहिजे. शून्य नंबरचा लहान मास्कही ट्रेमध्ये नव्हताच, त्याचाही इंडेंट गेला. लेखी.

खऱ्या बाळाचं विचाराल तर एक आलं. मंगळवारी पहाटे, पहिलटकरीण. जास्त लिहीत नाही, घरच्यांची परवानगी घेतलेली नाही. नॅपकिन खांद्यांखाली होता एवढं सांगते.

आता एक काम. मावशींनी ठोक्याचा फुगा इतका दाबला की नळी जोडापासून निसटलीय, आणि पाणी भरायच्या बुचातूनही थेंब थेंब गळतं. वही भरली आहे, निर्लेखनाला हरकत नाही, पण नवी यायला किती महिने लागतील कोण जाणे. फिटरभाऊ, तुमच्याकडे बारीक क्लिप आणि रबराचा वॉशर मिळेल का?

---

सातपूर_फिटर · शुक्रवार, सकाळी ६:४५

ताई, पाठवा. वॉशर कापून देतो, क्लिप आमच्याकडे एअरलाइनच्या पडलेल्या असतात. नळीचा बाहेरचा व्यास मोजून कळवा, पट्टीने नको, व्हर्नियर कुणाकडे असेल तर बघा. नसेल तर दोऱ्याने गोल मोजून दोरा सोबत पाठवा.

---

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी ७:०५

व्हर्नियर कुठला, दोराच पाठवते. उद्या दुपारच्या गाडीने कंडक्टरदादांकडे देते, सीबीएसला (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडवर) घ्या. बुटाच्या खोक्यात आहे, उघडताना दचकू नका. आणि सोमवारपर्यंत परत हवी, मावशी विचारतायत.